क्रीक, एस्चुअरी, हार्बर, पोर्ट : कोकण किनाऱ्यावरील अर्थभेद

क्रीक आणि एस्चुअरी, हार्बर आणि पोर्ट, जेटी आणि व्हार्फ या इंग्रजी जोड्या कोकणात नकाशांवर, सरकारी फलकांवर आणि पर्यटनाच्या जाहिरातींत सतत भेटतात. मराठीत खाडी, बंदर, धक्का या तीन शब्दांवर आपले काम भागते. त्यामुळे प्रत्येक जोडीतले दोन्ही शब्द एकाच अर्थाचे समजले जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ब्रिटिश इंग्रजीत क्रीक म्हणजे किनाऱ्यात आत शिरलेला, भरती-ओहोटीचा अरुंद फाटा. कोकणचे इंग्रजी नकाशे ब्रिटिश अमदानीत तयार झाले, म्हणून बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग इथल्या साऱ्या खाड्या ‘क्रीक’ झाल्या. अमेरिकेत मात्र क्रीक म्हणजे लहानसा ओढा, म्हणजे रत्नागिरीकडचा पऱ्या किंवा मालवणीतला व्हाळ. तो समुद्रापासून शेकडो मैल दूरही असू शकतो. अमेरिकन कथेतले पोर क्रीक पायी ओलांडते. दाभोळची क्रीक ओलांडायची तर धोपाव्याची फेरीबोट गाठावी लागते.

एस्चुअरी हा मुख्यतः अभ्यासकांचा शब्द. त्याचे लॅटिन मूळ भरतीच्या उसळीशी जोडलेले आहे. अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ डोनाल्ड प्रिचर्ड यांनी १९६७ मध्ये दिलेली व्याख्या आजही आधाराला घेतली जाते : किनाऱ्यालगतचा अर्धबंदिस्त जलभाग, समुद्राशी मोकळा जोड असलेला, आणि जमिनीवरून आलेल्या गोड्या पाण्याने ज्याचा खारेपणा मोजता येईल इतका उतरलेला. थोडक्यात, क्रीक हे नाव आकारावरून पडते आणि एस्चुअरी हे आतल्या पाण्यावरून. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला आणि शास्त्री जयगडला समुद्राला मिळते. या खाड्यांना दोन्ही नावे शोभतात. ठाण्याच्या खाडीचे तसे नाही. उल्हास नदीचे बहुतेक पाणी वसईच्या खाडीने समुद्रात जाते आणि ठाण्याच्या बाजूला वरून येणारे गोडे पाणी थोडेच, त्यामुळे तिला क्रीक म्हणणेच जास्त नेमके. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, तोही ‘ठाणे क्रीक’ याच नावाने. कोकणात हा भेद ऋतूप्रमाणे हलतोही. पावसाळ्यात लोंढा आला की चिपळूणजवळच्या गोवळकोटाकडे वाशिष्ठीचे पाणी जवळजवळ गोडे होते, आणि उन्हाळ्यात खारेपणा खाडीतून वर सरकतो.

याच पाण्याला जाहिरातींत ‘बॅकवॉटर’ म्हणण्याची चाल केरळच्या पर्यटनामुळे पडली असावी. तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीतली नौकासफर याच नावाने विकली जाते. घाट चढून गेले की अर्थ पालटतो : कोयनेचे बॅकवॉटर म्हणजे धरणामागे तुंबलेला जलाशय, तिथे भरतीचा पत्ताच नाही. इंग्रजीत तर आडबाजूच्या, मागे पडलेल्या गावालाही बॅकवॉटर म्हणतात. जाहिरात लिहिणाऱ्याच्या हे बहुधा ध्यानात नसते.

हार्बर म्हणजे वाऱ्या-लाटांपासून आडोसा मिळालेले पाणी. जुन्या इंग्रजीतला मूळ अर्थ सैन्याचा निवारा असा होता, आणि क्रियापद म्हणून आसरा देणे हा अर्थ आजही टिकून आहे. पोर्ट म्हणजे जिथे माल चढतो-उतरतो, जकात भरली जाते, कागद होतात ती जागा. म्हणून इंग्रजीत एअरपोर्ट आहे, एअरहार्बर असे कोणी म्हणत नाही. मुंबईला निसर्गाने हार्बर दिला. पोर्ट माणसांनी उभारले, आणि त्याच्या कारभारासाठी १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. राजापूर हे उलट टोकाचे उदाहरण. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेले हे पोर्ट खाडीत खूप आत होते; गाळ साचत गेला, गलबते येईनाशी झाली आणि पोर्ट संपले. नाव मात्र पुढे ‘राजापुरी’ मालाला चिकटून राहिले.

मेजर व मायनर पोर्ट हा भेद तर भाषेचा नसून कारभाराचा आहे. मुंबई आणि न्हावाशेवा केंद्राच्या अखत्यारीत, म्हणून मेजर. जयगडला अवाढव्य मालवाहू जहाजे लागतात, तरी ते राज्याच्या अखत्यारीत असल्याने कागदोपत्री मायनरच.

व्हार्फ साधारणपणे किनाऱ्याला समांतर असतो. पिअर खांबांवर पाण्यात पुढे गेलेला. क्वे (उच्चार ‘की’) भरीव बांधकामाचा. भाऊच्या धक्क्याचे इंग्रजी नाव ‘फेरी व्हार्फ’, आणि पलीकडे मांडव्याला प्रवासी उतरतात ती ‘जेटी’. भारतात जेटी म्हणजे बोट लागण्याची जागा. अमेरिकन अभियंत्याच्या लेखी मात्र जेटी म्हणजे वाळू साचू नये म्हणून नदीच्या मुखाशी समुद्रात काढलेली भिंत. त्यामुळे खाडीच्या मुखाशी जेटी बांधावी असे परदेशी अहवालात वाचून तिथे तिकीटघर उभारायला निघू नये.