सभा-उपस्थिती, व्यावसायिक संघटनांतील

डॉक्टर, अभियंते, वकील, लेखापाल इत्यादींच्या संघटनांच्या स्थानिक शाखांत सभासदांनी सभेस प्रत्यक्ष यावे म्हणून दंड, भत्ता, श्रेयांक, व्याख्यान असे जे उपाय योजले जातात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. सूचनापत्र, कार्यसूची व हजेरीपट यांची पद्धत सर्वपरिचित आहे.

या प्रथेचा उगम कोठे मानावा, हे ‘व्यवसायबंधूंची सभा’ या कल्पनेची व्याप्ती किती धरावी यावर अवलंबून आहे. अथेन्समध्ये इ. स. पू. पाचव्या शतकात बाजारचौकात रेंगाळणाऱ्या नागरिकांना तांबड्या रंगात बुडवलेल्या दोराने सभास्थानाकडे हाकीत. पुढे, बहुधा इ. स. पू. ४०० नंतरच्या दशकात, अ‍ॅगिरिअस या पुढाऱ्याने उपस्थितीसाठी एक ओबोल (छोटे चांदीचे नाणे) देणे सुरू केले. हेराक्लायडीस या दुसऱ्या पुढाऱ्याने ते दोन केले आणि अ‍ॅगिरिअसनेच नंतर तीन. तथापि ती नागरिकांची सभा होती, व्यवसायबंधूंची नव्हे. त्यामुळे मध्ययुगीन श्रेणींपासून (गिल्ड, म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांचे संघ) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडमध्ये राजा दुसऱ्या रिचर्डच्या आज्ञेनुसार १३८९ च्या सुमारास श्रेणींनी सादर केलेल्या विवरणांपैकी काहींत गैरहजर सभासदास मेणाच्या रूपात दंड सांगितला असून, असे मेण वेदीवरील मेणबत्त्यांच्या कामी येई. यांतील बऱ्याच श्रेणी प्राधान्याने धार्मिक बंधुसंघ होत्या, ही अडचण मात्र उरतेच.

दंडाऐवजी लाभ देण्याचे ठळक उदाहरण फ्रेंच अकादमीचे होय. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६७३ च्या सुमारास उपस्थितांना चांदीचे बिल्ले (झतों) देण्याची व्यवस्था केली. गैरहजर सभासदांचा वाटा हजर असलेल्यांत विभागला जाई. म्हणजे सर्वांनी यावे असे वाटण्याचे कारण हजर सभासदाला फारसे नव्हते. केवळ बिल्ल्यांसाठी येणाऱ्यांना अकादमीचाच सभासद असलेल्या फ्यूरतिएरने ‘झतोनिए’ म्हणून हिणवले. कंपनी-संचालकांच्या सभाभत्त्याला फ्रेंचमध्ये दीर्घकाळ याच बिल्ल्याचे नाव होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक व्यवसायांत निरंतर शिक्षणाचे श्रेयांक नोंदणीच्या नूतनीकरणाशी जोडले गेले आणि श्रेयांक देणाऱ्या व्याख्यानांना हजेरीचे एक निश्चित कारण मिळाले. सही करून निघून जाणाऱ्यांमुळे काही ठिकाणी हजेरी आरंभी व अखेरीस अशी दोनदा घेतात. निव्वळ कामकाजाच्या सभेस असे आकर्षण नसल्याने हिशेब, ठराव व निवडणूक हे विषय व्याख्यानाच्या आधी उरकण्याकडे कल दिसतो. गणपूर्तीअभावी (किमान आवश्यक उपस्थितीअभावी) सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही, अशी ओळ पुष्कळदा सूचनापत्रातच छापलेली असते. तिने कामकाज अडत नाही, पण वेळेवर येण्याचे कारणही उरत नाही.

छोट्या शाखांविषयीची माहिती मुख्यतः त्यांच्या इतिवृत्तांतून मिळते. त्यांत उपस्थितांची संख्या नोंदलेली असते. ते कशासाठी आले होते, हे क्वचितच.