पिवळं कार्ड आलं कुठून?

केनियातलं मसाई मारा बघायला निघालेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, यलो फीव्हरचं (डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराचं) इंजेक्शन घ्यायलाच लागतं का हो? टूरवाले म्हणतात घ्या, डॉक्टर म्हणतात घ्या, आणि आधी जाऊन आलेला मावसभाऊ म्हणतो अरे नैरोबीला कोणी विचारत पण नाही. त्याचंही खरंच आहे, भारतातून थेट जाणाऱ्याला ते कशाला विचारतील, हा रोग भारतात नाहीच मुळी. विचारतात ते परत आल्यावर, मुंबईला उतरलात की. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. म्हणजे लस तुम्हाला वाचवते हे आहेच, पण सरकारचा जीव अडकलाय तो इथल्या डासांमध्ये.

हे जरा उलटं वाटतं ना, पण प्रवासातल्या लसींचा इतिहास बघितला तर बराचसा असाच आहे. कागद मागायचा तो यजमानाला वाचवायला, पाहुण्याची तब्येत हा विषय फार नंतर आला.

आणि एकेकाळी जग घाबरायचं ते आपल्याला. १८६५ मध्ये हजला कॉलरा पसरला, हजारो माणसं गेली, तिथून तो युरोपात पोचला आणि १८६६ च्या इस्तंबूलच्या परिषदेत बोट दाखवलं गेलं ते थेट गंगेच्या खोऱ्याकडे. मग तांबड्या समुद्रात कमरान नावाच्या बेटावर हजच्या जहाजांना थांबवून ठेवायला लागले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस (मूळचे गोव्याचे) यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्याच वर्षी फक्त प्लेगसाठी व्हेनिसला परिषद भरली, मुंबईहून हजला जाणंही त्या साली बंद केलं. वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, ती इथल्या लोकांसाठी, पण बाहेरच्या देशांचा भर लसीपेक्षा जहाज अडवण्यावरच होता. बोटीने जायला आठवडे लागायचे, कोण आजारी आहे ते वाटेतच कळायचं, त्यामुळे क्वारंटाइन परवडायचं.

विमानं आली आणि हे गणित फिसकटलं. आफ्रिकेत डास चावलेला माणूस ताप यायच्या आत दुसऱ्या खंडात उतरायला लागला. १९३३ मध्ये हेगला खास विमानप्रवासासाठी आरोग्याचा करार झाला त्यामागची मोठी भीती यलो फीव्हरचीच होती. भारताला तर ही भीती त्याच्याही आधीपासून, पनामा कालवा उघडणार म्हटल्यावर १९१३ च्या सुमारासच इथले इंग्रज डॉक्टर लिहायला लागले होते की अमेरिकेतून जहाजांबरोबर हा रोग आशियात आला तर काय. कारण साधं आहे, एडिस इजिप्ती, म्हणजे आपल्याला डेंगी देणारा तोच पट्टेरी डास हा रोगही पसरवतो. डास आहेत, माणसांची दाटी आहे, कोणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नाही, फक्त विषाणू यायचा बाकी. तो आजवर आलेला नाही, का आला नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, तेव्हा कार्ड मागणाऱ्या अधिकाऱ्यावर उगाच चिडू नका.

या लसीत भारताचा एक धागा आहे, तो फारसा कोणाला माहीत नसतो. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांना हा रोग प्रयोगशाळेत कुठल्या प्राण्याला देताच येत नव्हता, तिथली माकडं दाद देईनात. मग मूळ भारतातल्या ऱ्हीसस जातीच्या माकडाला आजच्या घानातल्या असिबी नावाच्या रुग्णाचं रक्त टोचलं. असिबी बरा झाला, माकड मेलं, आणि संशोधनाला वाट मिळाली. त्याच टीममधले एड्रियन स्टोक्स काही महिन्यांत याच रोगाने गेले. असिबीच्या रक्तातल्या त्या विषाणूपासूनच मॅक्स थायलरनी १९३७ पर्यंत १७डी ही लस तयार केली, १९५१ चं नोबेल त्यासाठीच, आणि आज आपल्याला टोचतात ती त्याच वंशातली.

ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात म्हणून लसीकरणाच्या सेंटरवर आधी विचारतात, अंड्याची ॲलर्जी आहे का. पावडरच्या रूपात येते, एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस, आणि एकदा पाणी घालून कालवली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेले वार असतात आणि तेवढी माणसं जमेपर्यंत बसवून ठेवतात. लोक याला सरकारी कारभार म्हणतात, पण कारण कुपीत आहे. कार्डावर बॅच नंबर, सही, शिक्का, आणि ते लागू होतं दहा दिवसांनी, निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतलं तर तितक्या दिवसांची पंचाईत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्ये एकच नियमावली केली तेव्हा यादीत सहा रोग होते. १९७० च्या आधी परदेशी गेलेल्या आजोबांचे कागद घरात असतील तर बघा, देवीचा दाखला तीन वर्षांचा, कॉलऱ्याचा जेमतेम सहा महिन्यांचा. कॉलऱ्याचा १९७३ मध्ये काढून टाकला कारण त्या लसीने रोगाचा प्रसार थांबतच नव्हता, देवी गेली तशी १९८१ मध्ये तीही यादीतून गेली. हजसाठी मेंदूज्वराची लस मात्र सौदीने १९८७ च्या साथीनंतर धरली ती आजही आहे, आणि २०००-०१ मध्ये वेगळा प्रकार पसरल्यावर चार प्रकारांची लस सक्तीची केली.

प्रवाशाला स्वतःला काय होईल, टायफॉइड, कावीळ, मलेरिया, कुत्रं चावलं तर रेबीज, हे सांगणारं वेगळं शास्त्र ऐंशीच्या दशकात कुठे आकाराला आलं, त्यातल्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली १९९१ मध्ये. तेही मुख्यतः गोऱ्या पर्यटकांसाठी, जे आपल्याकडे यायचे. आपल्याकडे अजून सल्ला घ्यायची वेळ येते ती अमेरिकेच्या युनिव्हर्सिटीने फॉर्म पाठवल्यावर, मग आई कपाटातली लहानपणीची लसींची पुस्तिका शोधते, गोवराचे दोन डोस झाल्याचा पुरावा मिळत नाही आणि पुन्हा टोचून घ्यावं लागतं. न्यू जर्सीहून सुट्टीत सांगली-साताऱ्याला येणारी नातवंडं तर कोणी धरतच नाही, घरीच तर चाललोय म्हणून आईवडील काही विचारत नाहीत, पण तिथे जन्मलेल्या पोराच्या पोटाला आजोळचं पाणी परकंच असतं आणि टायफॉइड घेऊन परतणाऱ्यांत अशी मंडळी बरीच असतात.

बाकी पिवळ्या कार्डाची दहा वर्षांची मुदत जुलै २०१६ पासून गेली, आता एकदा घेतलं की आयुष्यभर, जुन्या कार्डावर छापलेली तारीख उलटून गेली असली तरी चालतं. तेव्हा कोणी पुन्हा टोचायला पाठवलं तर आधी हे विचारा.