लोमो साल्तादो: ताट पेरूचं, आच चिनी

लोमो म्हणजे पाठीकडचं कोवळं मांस आणि साल्तादो म्हणजे मोठ्या आचेवर परतलेलं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या या पदार्थाच्या नावातले दोन्ही शब्द स्पॅनिश. त्यात पडणारे बटाटा, टोमॅटो आणि आही आमारियो ही पिवळी मिरची तिथलीच. गाय आणि कांदा स्पॅनिशांनी आणलेले. यात चिनी ते काय? तर 'सियाव'. सोया सॉसला पेरूत हेच म्हणतात. शब्द मूळचा कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनमधल्या भाषेतला. आल्यालाही तिथे 'कियोन' म्हणतात, आणि तोही शब्द कँटोनीजच.

हे शब्द ज्यांच्यासोबत आले ते मजूर होते. किनारपट्टीवर ऊस-कापसाचे मळे पसरत होते, चिंचा नावाच्या बेटांवर ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, खणलं जात होतं आणि माणसं अपुरी पडत होती. १८४९ मध्ये पहिले ७५ चिनी मजूर उतरले. त्याच वर्षी मजूर आणणाऱ्याला माणशी ३० पेसो देणारा कायदा झाला. १८५४ मध्ये गुलामगिरी बंद झाली, तशी मागणी आणखी वाढली. १८७४ पर्यंत जवळजवळ लाखभर चिनी आले, त्यांत बायका अगदी तुरळक. पुष्कळ जहाजं मकावहून सुटत. १८४४ पर्यंत ज्याचा कारभार गोव्यातून चाले, तेच हे चीनच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीज बंदर. करार आठ वर्षांचा. म्हणायला करार, कित्येकांना फसवून किंवा पळवून आणलेलं असे. त्यात रोजच्या तांदळाची अट मात्र असे. लोमो साल्तादोत बटाटे असूनही शेजारी भाताची मूद दिसते, तेव्हा मला ती अट आठवते.

मुदत संपल्यावर अनेकजण राजधानी लिमात आले. मध्यवर्ती बाजाराजवळ कापोन रस्त्याभोवती त्यांची वस्ती झाली. कुणी स्वस्त खानावळ काढली, कुणी घरोघरी स्वयंपाकी झालं. गिऱ्हाईक पेरूचं, सामान बाजारात मिळेल ते, हात मात्र दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताचा.

आणि त्या हाताची खूण म्हणजे आच. वोक, म्हणजे खोलगट चिनी कढई, धुरावेपर्यंत तापवायची, मांसाच्या पट्ट्या थोड्या थोड्या टाकायच्या. एकदम टाकल्या तर पाणी सुटतं आणि मांस परतण्याऐवजी शिजत बसतं. कांद्याच्या जाड फोडी करकरीत राहायला हव्यात. मग सियाव आणि व्हिनेगर तापल्या भांड्यात पडतं, चर्रर होतं, धुराचा वास मांसात मुरतो. तळलेले बटाटे अगदी शेवटी. हा धुरकट वास नसेल तर ताटात नुसता मांसाचा रस्सा आला म्हणायचं.

विसाव्या शतकात लिमात 'चीफा' नावाची चिनी-पेरुव्हियन हॉटेलं फोफावली. तिथे चाउफा हा परतलेला भात मिळतो, वाँतान, म्हणजे सारण भरलेले छोटे चिनी मोदक, मिळतात. लोमो साल्तादोला मात्र पेरूची माणसं सहसा चिनी म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी तो 'क्रिओयो', म्हणजे अस्सल इथला. सेविचे आणि आही दे गायिना या पेरूच्या लाडक्या पदार्थांच्या पंगतीतला.