अंगठ्यापासून सुरू होणारी फीट

सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. युद्धातल्या जखमींवर उपचार करत असतानाच ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या ३२व्या वर्षी ते तिथे वारले. इथल्या शाळकरी मुलांनाही एवढं ठाऊक असतं. ते कशाने गेले, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. त्यांना फिट्स येत होत्या आणि त्या झटक्यांनीच त्यांचा जीव घेतला.

चीनमधल्या ज्या इस्पितळाचे कोटणीस प्रमुख होते, त्याला डॉ. नॉर्मन बेथून यांचं नाव होतं. हे बेथून १९२८ साली कॅनडात, माँट्रिअलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात एडवर्ड आर्चिबाल्ड यांच्या हाताखाली छातीचे सर्जन म्हणून रुजू झाले होते. त्याच वर्षी आर्चिबाल्ड यांनी मेंदूच्या एका सर्जनलाही तिथे बोलावून घेतलं. त्यांचं नाव वाइल्डर पेनफील्ड. फीट येते म्हणजे मेंदूत नेमकं कुठे काय होतं, याचा शोध घेण्यात पेनफील्ड यांनी उभी हयात घालवली. कोटणीसांच्या गावात हा शोध घरोघरी माहीत असायला हवा, असं मला फार वाटतं.

पण शोधाची सुरुवात त्यांच्याही आधीची आहे. लंडनचे ह्यूलिंग्ज जॅक्सन एकोणिसाव्या शतकात फीट आलेल्या माणसांकडे नुसतं बारकाईने बघत बसायचे. काही रुग्णांत झटके एका ठिकाणी सुरू होतात आणि तिथून ठरावीक वाटेने पुढे सरकतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. अंगठा, मग मनगट, मग कोपर, मग तोंडाची एक बाजू. सुरुवात बहुधा अंगठा आणि त्याशेजारचं बोट, ओठाचा कोपरा किंवा पायाचा अंगठा इथूनच व्हायची. यावरून त्यांनी ताडलं की मेंदूत शरीराच्या भागांना आपापल्या जागा नेमून दिलेल्या असाव्यात आणि झटक्याचा लोंढा (तो विजेचा असतो, हे नंतर कळलं) एका जागेतून शेजारच्या जागेत शिरत असावा. त्यांच्या पत्नीलाही असेच झटके येत. कवटी न उघडता, नुसत्या पाहण्यातून बांधलेला हा अंदाज विज्ञानातल्या सर्वांत सुंदर अंदाजांपैकी एक आहे.

पेनफील्ड यांचा जन्म १८९१चा. ऑक्सफर्डला चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडे ते मज्जासंस्था शिकले. पुढे १९२८मध्ये जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरी ओटफ्रीड फोर्स्टर यांच्याकडे काही महिने राहिले. पहिल्या महायुद्धात डोक्याला जखम झालेल्या सैनिकांना वर्षानुवर्षं फिट्स यायच्या. फोर्स्टर त्यांच्या मेंदूवरचा वण काढून टाकत आणि त्या वेळी रुग्ण जागा असे. ऐकायला हे अघोरी वाटेल. पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. डोक्याची कातडी बधिर केली की पुढचं दुखत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेनफील्ड यांच्यापुढे त्यांची सख्खी बहीण रूथ आली. तिला किशोरवयापासून फिट्स यायच्या, कारण होतं मेंदूतली गाठ. भावानेच शस्त्रक्रिया केली आणि मेंदूच्या उजव्या बाजूचा पुढचा बराच भाग गाठीबरोबर काढावा लागला. रूथ बरी होऊन घरी गेली. बोलणं-चालणं, आठवण, स्वभाव, सगळं शाबूत. सव्वा वर्षाने पेनफील्ड तिच्याकडे जेवायला गेले. घरची चार माणसं आणि हा एक पाहुणा, एवढाच स्वयंपाक. वेळ झाली तेव्हा सामान सगळं मांडलेलं होतं, एक-दोन पदार्थ चुलीवर होते, पण मांसाला हात लागलेला नव्हता आणि रूथ गोंधळून, रडकुंडीला येऊन उभी होती. एकेक पदार्थ तिला करता येत होता. कशानंतर काय करायचं, हे जुळवणं तिला जमत नव्हतं. मेंदूचा पुढचा भाग कामांची आखणी करतो, हे पेनफील्ड यांना बहिणीच्या स्वयंपाकघरात दिसलं. १९३१मध्ये रूथ गेली. पेनफील्ड यांनी तिची हकिगत शास्त्रीय निबंधात नोंदवली. भावाला ते किती जड गेलं असेल!

१९३४मध्ये त्यांनी माँट्रिअल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. फीटचं मूळ असलेला भाग काढायचा, तर बोलण्याचा किंवा हाताचा भाग कापला जाता कामा नये. म्हणून ते बारीक विद्युतटोकाने मेंदूच्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करत आणि जाग्या रुग्णाला विचारत, काय झालं? कुणाचा अंगठा हले, कुणाच्या जिभेला मुंग्या येत, कुणाची वाचा क्षणभर थांबे. त्या जागेवर आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी ठेवायची आणि पुढे जायचं. १९३७मध्ये एडविन बोल्ड्री यांच्यासह त्यांनी शंभराहून जास्त रुग्णांच्या अशा नोंदी एकत्र छापल्या. त्यातून शरीराचा नकाशा उभा राहिला. त्यात पाठ-पोट चिमुकलं, तर ओठ, जीभ आणि अंगठा अवाढव्य. तुटलेला धागा चिमटीत धरून सांधणारा सोलापूरचा मागवाला किंवा दिवसभर बिड्या वळणारी बाई यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. जिथे हालचाल नाजूक, तिथे मेंदूतली जागा मोठी. आणि जागा मोठी असली की झटका तिथून सुरू होण्याचा संभवही जास्त. जॅक्सन यांना अंगठाच वारंवार का दिसला, त्याचं हे उत्तर.

नकाशा अजूनही दुरुस्त होतो आहे. २०२३मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की पाय, हात आणि तोंड यांच्या पट्ट्यांमध्ये दुसरेच भाग आहेत आणि ते संपूर्ण शरीराच्या हालचालींची आखणी करणाऱ्या जाळ्याला जोडलेले आहेत.

कानशिलाच्या आतल्या बाजूचा मेंदू चेतवला की काही रुग्णांना जुना प्रसंग दिसे, ओळखीचा आवाज ऐकू येई. मेंदूत प्रत्येक अनुभवाची जशीच्या तशी नोंद राहते, असं पेनफील्ड यांनी मानलं. ते पुढे टिकलं नाही. असा अनुभव आलेले रुग्ण ५२०पैकी ४० होते आणि त्यांना दिसलेलं स्वप्नासारखं तुटक असे. पण याच भागातल्या शस्त्रक्रियेनंतर दोन रुग्णांना नवं काही लक्षातच राहीनासं झालं आणि पेनफील्ड यांच्याकडे काम करणाऱ्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा कसून अभ्यास केला. स्मृतीच्या आधुनिक विज्ञानाचा पाया तिथे पडला.

या भागातून उठणारी फीट ओळखायला अवघड असते. पोटातून काहीतरी वर येतं, नसलेला वास येतो, माणूस टक लावून बघतो, तोंड चाळवतो, हाताने कपडे चिवडतो. घरच्यांना ते बाहेरचं वाटतं आणि अंगारे-धुपारे सुरू होतात. हातपाय ताठ होऊन पडणारी फीट असली तर चप्पल नाहीतर कांदा नाकाशी येतोच. कांद्याला गुण येतो असं वाटण्याचं कारण साधं आहे. बहुतेक फिट्स एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि कांदा सापडेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना.

आपल्या देशात फीटमागे पुष्कळदा पट्टकृमीची अंडी असतात. बाधित माणसाच्या विष्ठेतून ती पाण्यात, कच्च्या भाजीवर पोचतात, पोटात गेली की त्यांतून अळ्या निघतात आणि त्या मेंदूत गाठ धरतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. तो उपचारांनी बरा होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फीटविना जगू शकतात. फेनिटॉइन हे औषध १९३८चं, म्हणजे कोटणीस चीनला निघाले त्याच सालचं, आणि ते आजही वापरात आहे. गोळी चुकणं आणि झोप मोडणं, मग ती रात्रपाळीने असो की सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या जागरणाने, ही फीट परतण्याची नेहमीची कारणं. मुलीचं लग्न जमवताना आजार लपवला जातो आणि सासरी गेल्यावर गोळ्याही लपूनछपून घ्याव्या लागतात, नाहीतर बंद होतात. फीट येते म्हणून लग्न रद्द ठरवू देणारी तरतूद १९९९मध्ये कायद्यातून काढली गेली, हे अशा आईबापांना कुणीतरी सांगायला हवं.

दोन औषधं योग्य मात्रेत घेऊनही फिट्स थांबत नसतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. माँट्रिअलला पेनफील्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९मध्ये वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियांचा विभाग सुरू केला आणि फीटवरच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे आल्या. आज त्या मुंबईतही होतात. त्याआधी ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) आणि एमआरआय तर होतंच, पण फीट येताना पहिल्यांदा काय हललं, डोळे कुठे वळले, रुग्ण बोलत होता का, हे डॉक्टर घरच्यांना खोदून विचारतात. कुणीतरी मोबाइलवर पहिल्या क्षणापासून चित्रण केलं असेल तर त्यांचं अर्धं काम होतं.