गाडीला अलार्म बसवायचा का? पैसे देण्याआधी हे वाचा

"असा अलार्म बसवा, की आख्खी गल्ली जागी झाली पाहिजे." नवी गाडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या दुकानासमोर थांबणारे बरेच जण हेच म्हणतात. अलार्म आम्ही विकतो, बसवतो, त्यावर आमचं घर चालतं. तरी आम्ही आधी विचारतो, गल्ली जागी होईल हो, पण अंथरुणातून उठून खाली कोण येणार?

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर अलार्म घ्या. नसेल तर तेच पैसे दुसरीकडे लावा. कुठे, ते खाली लिहिलंय.

अलार्म काय करतो, काय करत नाही

दारांचे स्विच, बॉनेटचा स्विच आणि धक्का ओळखणारा शॉक सेन्सर, या तिघांची खबर डॅशबोर्डखालच्या एका छोट्या डब्याकडे जाते. गाडी लॉक असताना काही उघडलं किंवा हादरलं, की सायरन वाजतो आणि इंडिकेटर उघडझाप करतात. एवढंच. नुसत्या अलार्मचा इंजिनाशी काही संबंध नसतो, सायरन कोकलत असतानाही गाडी चालू करून नेता येते. शिवाय सायरन बॉनेटखालीच असतो. ज्याला तो माहीत आहे, त्याला वायर तोडायला पानपट्टीवर चुना मागण्याइतकाही वेळ लागत नाही.

खरा घोळ शॉक सेन्सरचा. कोल्हापुरात हादऱ्यांना काय तोटा? ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर टेप मोठा करून रात्री शेजारून गेला, की वाजला. विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडच्या आसपास लावलेल्या गाड्या एकीनंतर एक सुरू होतात, आणि त्या गोंगाटात ते मालकालाही कळत नाही. मांजर बॉनेटवर उतरलं, वाजला. पहिल्या आठवड्यात शेजारी खिडकीतून डोकावतात, दुसऱ्या आठवड्यात खिडकी लावून घेतात. नंतर मालकच येऊन म्हणतो, "ते तेवढं बंदच करून टाका."

सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून जोर कमी-जास्त करता येतो. आमची पद्धत साधी आहे. टायरला पायाने ठोकलं तर वाजता कामा नये, काचेवर बंद मुठीने थाप दिली तर वाजला पाहिजे. या दोन्हींच्या मधली जागा सापडेपर्यंत आम्ही स्क्रू सोडत नाही. दुसरीकडे बसवला असेल तरी हे घरी करून बघा. थापेला वाजत नसेल, तर तुम्ही फक्त लुकलुकणारा लाल दिवा विकत घेतलाय.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमही लक्षात ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. सीपीआर रुग्णालयाजवळ राहणाऱ्यांनी सायरन जरा बेतानेच निवडावा.

अमेरिकेत हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट ही विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था आहे. तिने १९९७ साली अलार्मवाल्या गाड्यांचे दावे तपासले, तेव्हा चोरीच्या नुकसानीत एकंदर घट काही दिसली नाही. आम्ही दुकानात रोज जे बघतो, त्याच्याशी हे जुळतं.

चोराला अडवतो तो इमोबिलायझर

किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. किल्ली फिरवली की इंजिनाचा कॉम्प्युटर त्या चिपचा नंबर तपासतो, आणि नंबर जुळला नाही तर गाडी सुरू होत नाही. मारुतीच्या गाड्यांत याला आयकॅट्स म्हणतात. रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून स्वस्तात साधी डुप्लिकेट करून आणणाऱ्यांना हे लगेच कळतं. दार उघडतं, स्टार्टर फिरतो आणि इंजिन ढिम्म. डॅशबोर्डवर गाडी किंवा किल्लीचं छोटं चित्र लुकलुकत राहतं. गिऱ्हाईक वैतागून येतं, "किल्ली बिघडलीय." किल्ली बिघडलेली नसते, गाडी आपलं काम चोख करत असते.

युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समध्ये नंतर अभ्यास झाला, तेव्हा त्यामुळे मोटारचोऱ्या साधारण ४० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. यात आवाज कुठेच नाही.

तुमच्या गाडीत तो आहे का, हे आधी बघा. नव्या गाड्यांत बहुधा असतोच. जुनी ओम्नी, ८०० किंवा त्या काळातली जीप असेल तर नसतो, आणि अशा गाडीला पहिला खर्च इथेच करावा.

पण चोरही शिकलेत. स्टीअरिंगखाली एक सॉकेट असतो, आम्ही त्यालाच स्कॅनर लावून दोष शोधतो. सराईत टोळी मागची छोटी काच फोडून त्याच सॉकेटला यंत्र लावते आणि गाडीला नवी किल्ली ओळखायला लावते. बटणस्टार्ट गाड्यांत आणखी एक प्रकार आहे. एकजण तुमच्या दाराशी अँटेना धरतो, दुसरा गाडीशी, आणि आत खुंटीवर टांगलेल्या किल्लीचा सिग्नल गाडीपर्यंत पोचवतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा यावर बऱ्यापैकी चालतो. किल्ली डब्यात घालून गाडीच्या हँडलशी उभे राहा. दार उघडलं नाही तर डबा कामाचा.

लोखंड आणि चोर स्विच

गिअर लॉकला कुणी भाव देत नाही, कारण त्यात दिवा नाही, मोबाइल अॅप नाही. पण इंजिन चालू झालं तरी गिअर अडकलेला असला की चोराला कापत बसावं लागतं, आणि काचेतून ते लॉक दिसतं. दिसणं महत्त्वाचं. चोर तुमच्या गाडीवर रागावलेला नसतो, त्याला फक्त सोपी गाडी हवी असते.

दुसरा उपाय म्हणजे चोर स्विच. इंधनपंपाच्या लाइनमध्ये एक लपलेला स्विच टाकायचा. तो बंद असला की गाडी जास्तीत जास्त थोडी खाकरते आणि थांबते. जागा आम्ही बिलावर लिहीत नाही, तुम्हीही ड्रायव्हर आणि मेहुण्यासकट सगळ्यांना सांगत बसू नका. नव्या गाडीत मात्र वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याच्या हाती काम देऊ नका, वॉरंटीची अडचण होते. आम्ही शक्य तिथे वायर न कापता जोडणारा कपलर वापरतो.

जीपीएस गाडी नेण्यापासून अडवत नाही, गेल्यावर सापडायला मदत करतो. आत स्वतःची छोटी बॅटरी असलेलाच घ्या, नाहीतर गाडीची बॅटरी काढली की तो मेला. सिमचा रिचार्ज संपलेले ट्रॅकर आमच्याकडे कितीतरी येतात. अॅपमधलं इंजिन बंद करण्याचं बटण चालत्या गाडीवर दाबू नका. त्यात कुणाचाही जीव जाऊ शकतो. ठिकाण दिसलं तर ११२ ला फोन करा, स्वतः मागे धावू नका. आणि फास्टॅगचे मेसेज बंद ठेवू नका. गाडी दारात आहे असं समजून तुम्ही झोपलाय आणि किणी किंवा कोगनोळी टोलनाक्याचा मेसेज आला, तर गाडी कुठल्या दिशेला गेली ते तिथेच कळतं.

विम्याबद्दल थोडं

नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीचा एक पैसाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत चोरीविरोधी उपकरणाला सूट देता येते, पण उपकरण पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं हवं. जुन्या दरपत्रकाप्रमाणे ही सूट स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये होती. तेवढ्यासाठी अलार्म घेऊ नका. त्यापेक्षा दुसरी किल्ली सांभाळा. दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक कमी असली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गाडी चालू ठेवून चहाला उतरू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

मग अलार्म कुणी घ्यावा?

गाडी तुमच्या झोपायच्या खोलीखाली किंवा वाड्याच्या आवारात उभी राहते, त्यांनी. तिथे आवाजाला माणूस बाहेर येतो. रंकाळ्यावर किंवा गांधीनगरला खरेदीला जाऊन सीटवर बॅग ठेवणाऱ्यांनाही थोडा उपयोग होतो, कारण काच फोडून हात घालणारा भुरटा सायरनला दचकतो. पण बॅग सीटवर न ठेवणं फुकट पडतं. रात्री गाडी लांब मैदानात लावत असाल तर गिअर लॉक घ्या आणि अलार्मचे पैसे वाचवा.

अलार्म घ्यायचाच ठरलं, तर आरसी आणि दोन्ही किल्ल्या घेऊन या. कामाला साधारण अर्धा दिवस धरा. गाडी देताना बॅटरीला मीटर लावून, सगळं बंद असताना किती करंट ओढला जातोय, ते तुम्हाला दाखवतो. ५० मिलिअँपिअर सतत गेला, तर ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरीही महिनाभरात रिकामी होते. मुंबईला पंधरा दिवस जाऊन आल्यावर धक्का मारायची पाळी येते ती यामुळे. मीटरवरचा आकडा आम्ही बिलावर लिहून देतो. सोमवारी दुकान बंद असतं.