तिरफळ
तिरफळ : (कोंकणी–तेफळ, तिरफळ, सिंधुदुर्गातील मराठी–तिरफळ, चिरफळ, कारवार-मंगळूरकडील सारस्वतांच्या बोलीत–तेप्पळ, मल्याळम–मुळ्ळिलम्, लॅटिन–झँथोझायलम रेट्सा, कुल–सताप). काटेरी, पानझडी वृक्ष व त्याचे मसाल्यात वापरले जाणारे सुगंधी फळ. गोव्यात या शब्दाने सहसा झाड अभिप्रेत नसते. बांगड्याच्या हुमणातले (माशांच्या कालवणातले) फळच डोळ्यांपुढे येते. हिरडा, बेहडा व आवळा यांच्या त्रिफळ्याशी त्याचा संबंध नाही. ही गल्लत घाटावर इतकी रुळली आहे, की काष्ठौषधीच्या दुकानात तिरफळ मागितले तर चूर्णाची पुडी हाती येते.

हा वृक्ष भारत, श्रीलंका व आग्नेय आशियात आढळतो. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण व फोंडा या तालुक्यांतील रानांत आणि कुळागरांच्या (पोफळीच्या बागांच्या) कडेने तो दिसतो. खोडावर जाड बुडाचे, शंकूसारखे टणक काटे असतात. लांबून पाहणाऱ्याला ते सावरीचे खोड वाटते, मात्र पाने पाहिली की शंका उरत नाही. तिरफळाची पाने संयुक्त, पिसासारखी व फांद्यांच्या टोकांशी दाटलेली असतात. पर्णिका चुरडली की लिंबाच्या सालीसारखा वास येतो. फुले बारीक, पिवळसर-हिरवट असून परिमंजरीत येतात. नर व मादी फुले बहुधा वेगळ्या झाडांवर असतात. फळ म्हणजे वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान अशी एकेकटी गोल पेटिका. ती वाळल्यावर उकलते व आतले काळेभोर, तुकतुकीत बी बाहेर डोकावते.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘त्रिफल’वरून तिरफळ ही उपपत्ती ध्वनिदृष्ट्या सरळ आहे, पण वस्तुस्थितीशी जुळत नाही. झँथोझायलम प्रजातीच्या अनेक जातींत एकाच देठावर दोन-तीन पेटिका चिकटून येतात. या जातीत मात्र पेटिका एकच असते. तेव्हा ‘तीन फळे’ मोजायची कोठून? दुसरे मत ‘तीक्ष्णफल’ या शब्दाकडे बोट दाखवते. राजनिघंटू या वैद्यकीय संस्कृत कोशात तुंबरू या औषधी वनस्पतीच्या पर्यायांत हा शब्द येतो व तो चवीलाही शोभतो. अडचण एवढीच, की त्यातून मधला ‘र’ निघत नाही. चिरफळ म्हणजे ‘चिरणारे, उकलणारे फळ’ हे स्पष्टीकरण ऐकायला गोड असले, तरी ते मागाहून जुळवलेले दिसते. मुळात ‘तेफळ’सारखे काहीसे रूप असावे व ओळखीच्या त्रिफळ्याच्या ओढीने त्याचे तिरफळ झाले असावे, हे मानणे त्यातल्या त्यात सोयीचे आहे.

या तर्काला एक आधार अनपेक्षित ठिकाणी मिळतो. डच अधिकारी व्हान रेडे याने सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८–९३) हे झाड ‘मुलिलम’ या मल्याळी नावाने येते. ग्रंथाच्या कामात रंगा भट, विनायक पंडित व आपू भट या कोचीच्या कोंकणी वैद्यांचा हात होता. त्यांचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. याच ग्रंथाची सूची करताना डेनश्टेट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये या झाडाला ‘टिपालिया लिमोनेला’ असे नाव दिले. यातल्या ‘टिपालिया’चे ‘तेप्पळ’शी साम्य उघड आहे. तो योगायोग नसावा, पण यापलीकडे आग्रह धरता येत नाही.

शास्त्रीय नावाचा गुंता याहून लांबलेला आहे. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ‘फ्लोरा इंडिका’चा पहिला खंड त्याच्या मृत्यूनंतर १८२० मध्ये श्रीरामपूरला छापला गेला. त्यात हे झाड ‘फागारा रेट्सा’ म्हणून येते. रेट्सा हा तेलुगू शब्द. डोंगरी लोक या झाडाच्या सावलीत जमून गावचे प्रश्न सोडवतात म्हणून ते ‘सभेचे झाड’, अशी माहिती तो देतो. आजच्या तेलुगूतील ‘रच्च’ (गावचावडी) हा शब्द ध्यानात घेता ही माहिती विश्वसनीय वाटते, जरी एवढ्या काट्यांच्या झाडाला टेकून कोणी बसत नसणार. १८२४ मध्ये द कांदॉल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने ही जाती झँथोझायलम प्रजातीत हलवली. रॉक्सबर्गनेच वर्णिलेली ‘बडरुंगा’ ही ईशान्येकडील जाती दीर्घकाळ वेगळी मानली जाई. अलीकडचे अभ्यासक दोन्ही एकच समजतात. डेनश्टेटचे नाव दोन वर्षांनी आधीचे म्हणून काहींनी ‘लिमोनेला’ हे जातिनाम उचलून धरले. मात्र ते नियमांनुसार वैधपणे प्रसिद्ध झाले होते का, याविषयी शंका असल्याने बहुतेक संदर्भग्रंथ ‘रेट्सा’च स्वीकारतात. जुन्या पुस्तकांत प्रजातीच्या रोमन लिपीतील नावाचे पहिले अक्षर वेगळे (Z ऐवजी X) दिसते. ग्रीक व्युत्पत्तीप्रमाणे (‘पिवळे लाकूड’) ते बरोबर आहे, पण लिनीअसने १७५३ मध्ये लिहिलेले रूपच प्रमाण ठरले आहे.

संस्कृत वैद्यकातील तुंबरू म्हणजे तिरफळच, असे दक्षिणेकडील काही लेखक मानतात. हिमालयाच्या पायथ्याकडे मात्र हे नाव झँथोझायलम आर्मेटम या झुडपाला, म्हणजे नेपाळातील टिमूरला लावतात. निघंटूंची भौगोलिक पार्श्वभूमी पाहता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य आहे. कोकणातले वैद्य हाताशी असलेले तिरफळ त्याऐवजी वापरत असावेत. चीनमधील सिचुआन मिरे व जपानमधील सान्शो ही याच प्रजातीतील भावंडे आहेत. उत्तर थायलंडमधील माख्वेन हा मसाला याच किंवा अगदी जवळच्या जातीचा असतो.

जिभेला येणारी झिणझिणी मिऱ्याच्या वा मिरचीच्या तिखटापेक्षा वेगळी असते. ती सॅन्शूल वर्गातील अल्किलअमाइडांमुळे येते. ही द्रव्ये स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात. सिचुआन मिरे ओठांना लावून लंडनमध्ये केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही थरथर सेकंदाला सुमारे ५० कंपनांच्या कंपासारखी भासल्याचे दिसले. वास मात्र बाष्पनशील तेलाचा. त्यात सॅबिनीन, लिमोनीन इ. घटक असतात, ते उडून जात असल्यामुळेच तिरफळ फार वेळ शिजवत नाहीत.

गोव्यात तिरफळ मुख्यतः बांगडे, तारले अशा तेलकट माशांच्या हुमणात, तसेच सणासुदीच्या खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या रश्श्यात) पडते. हिंदू व ख्रिस्ती दोन्ही स्वयंपाकघरांत त्याचा मान सारखाच. ते वाटणात घेत नाहीत, कारण वाटले की कडवटपणा उतरतो. पाच-सहा बांगड्यांना दहाएक तिरफळे पुरतात. ती वाटीत कोमट पाण्यात भिजवून जराशी ठेचतात आणि आमसुले घातल्यावर, कढ येण्याच्या सुमारास पाण्यासकट हुमणात ओततात. जेवताना ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची असतात. नवख्या पाहुण्याने एखादे चावले की पुढचे दोन घास बेचव जातात. मिरची पोर्तुगिजांबरोबर येण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या तिखटाचा काही भार मिऱ्यांबरोबर तिरफळावर असावा, असा तर्क केला जातो.

तिरफळाची बाग अशी कोणी करत नाही. बी सहजासहजी रुजत नाही आणि रुजले तरी झाड नर निघाल्यास फळ नाही. म्हणून कुळागराच्या मेरेवर पक्ष्यांच्या विष्ठेतून आपोआप उगवलेले झाड राखायचे, एवढीच त्याची शेती. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हिरवे घोस बाजारात येतात. काढणीचे काम जिकिरीचे असते. खोडाचे काटे ठेचून वर चढावे लागते किंवा शेजारच्या झाडावरून बांबूला बांधलेल्या कोयत्याने फांद्या ओढाव्या लागतात. घाईत फांदीच तोडली, की पुढच्या हंगामाचे उत्पन्न घटते. घोस सुपात पसरून उन्हात ठेवले, की फळे उकलतात व बिया टपटप गळतात. बी टाकून देतात. वाळलेली टरफले घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर टिकतात. पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेंताच्या बेगमीत, सुक्या मासळीच्या जोडीला, त्यांनाही जागा असते.

फोंडा तालुक्यात कुर्टी, केरी व सावईवेरे येथील मसाल्यांच्या बागा पर्यटकांना दाखवल्या जातात. तेथे व्हॅनिला, वेलदोडा, दालचिनी यांची वाहवा होते. तिरफळाच्या झाडाशी फारसे कोणी थांबत नाही. फुलपाखरांच्या नादी लागलेले मात्र ते मुद्दाम शोधतात. सह्याद्रीपुरते मर्यादित असलेले बुद्ध मयूरी (पॅपिलिओ बुद्धा) हे हिरवे-निळे फुलपाखरू याच्या पानांवर अंडी घालते व त्याच्या अळ्या ही पाने खाऊन वाढतात. केरळने २०१८ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला.