क्लॅम्प मीटर घेताय? आधी खालची रेंज बघा

मुंबईच्या लोहार चाळीत क्लॅम्प मीटर (वायर न कापता, जबड्यात पकडून करंट मोजणारा) मागा, "हा घ्या साहेब, हजार अँपिअरचा" म्हणून मोठ्यातला मोठा पुढे येतो. आता हजार अँपिअर घरात आणायचे कुठून? दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर खेचतो, फ्रिज एकाच्या आसपास, एलईडी बल्ब तर ०.१ च्याही खाली. म्हणून मीटर वर कुठपर्यंत जातो ते सोडा, खाली किती बारीक वाचतो ते बघा.

सोबतच्या कागदावर अचूकता ±(२% + ५ डिजिट) अशी काहीतरी छापलेली असते, लोक दोन टक्के वाचून खूश होतात आणि खरी मेख त्या ५ डिजिटमध्ये असते. ५ डिजिट म्हणजे शेवटच्या आकड्यात पाचाचा फरक. ४०० अँपिअरच्या रेंजला शेवटचा आकडा ०.१ चा असेल तर तो होतो अर्धा अँपिअर, म्हणजे एक अँपिअरवाला फ्रिज तो अर्धा दाखवेल नाहीतर दीड, आणि कंपनीच्या हिशोबाने दोन्ही बरोबर! युनि-टी कंपनीचा यूटी२१०ई वर १०० अँपिअरलाच संपतो, पण त्याला २ अँपिअरची रेंज आहे आणि तिथे १ मिलीअँपिअरपर्यंत दिसतं. घरासाठी मी तरी असलाच घेईन.

दुसरं म्हणजे डीसी, बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा करंट. स्वस्तातल्या बऱ्याच मीटरवर डीसी लिहिलेलं असतं ते फक्त व्होल्टेजसाठी, क्लॅम्पने एसी (घरातल्या सॉकेटचा, दिशा बदलता) करंटच मोजतात, कारण आतमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला बदलता करंट लागतो. डीसीला हॉल सेन्सर हवा (न बदलणारं चुंबकीय क्षेत्रही ओळखणारा, एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा). सोलर किंवा बॅटरीचं काम नसेल तर ते पैसे वाचवा. ट्रू आरएमएसचे (वेड्यावाकड्या करंटचंही खरं मूल्य दाखवणाऱ्या सोयीचे) मात्र वाचवू नका, एलईडी आणि इन्व्हर्टर एसीचा करंट वेडावाकडा असतो, साधा मीटर तो बऱ्याचदा कमी दाखवतो. आणि डीबीत (एमसीबीच्या पेटीत) हात घालणार असाल तर कॅट थ्री हे सुरक्षा रेटिंग बघूनच घ्या.

मोजताना एकच वायर पकडायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात गेले की चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खातात आणि शून्य येतं. गंमत म्हणजे हेच मुद्दाम करून लिकेज शोधता येतं, अर्थची वायर बाहेर ठेवायची, दोघी एकत्र धरायच्या आणि शून्य नाही आलं तर करंट कुठेतरी गळतोय. फक्त आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअरला उडतो, तेवढं हजारवाल्याला दिसणारच नाही.